बेकरीवाल्याच्या गाडीचा बोल्ट

“वहिनी, मी काम करा म्हणतच नाही. नुसती नजर टाकू द्या त्यांना,” बेकरीवाला दारातूनच म्हणाला. त्याच्या मागे त्याची जुनी मोटरसायकल उभी होती, आणि तिच्या पोटाखाली आमच्या फरशीवर तेलाचं थारोळं साचायला लागलं होतं.

“ते आता कामं घेत नाहीत. दुकान बंद आहे, दिसत नाही का?”

दिसत होतंच त्याला. आमच्या घराच्या पुढच्या खोलीतलं ह्यांचं दुकान वर्षभर बंद होतं. का बंद होतं, ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं, कारण आम्ही नवरा-बायको मूग गिळून बसलो होतो. ह्यांचा डावा हात थरथरायला लागला होता. आधी मला वाटलं, अशक्तपणा असेल. मग एकदा गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ह्यांच्या हातातला पाना टेबलाच्या कडेवर टकटक वाजायला लागला. गिऱ्हाईक त्या हाताकडे बघत राहिलं आणि ‘उद्या येतो’ म्हणून गाडी ढकलत घेऊन गेलं, ते गेलंच. त्या संध्याकाळी ह्यांनी शटर खाली ओढलं.

डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हे बरं होत नाही, हळूहळू वाढत जातं, हेही सांगितलं. लेक म्हणाली, बाबांनी आता आराम करायचा. मीही तेच टुमणं लावलं. हे खुर्चीत बसून राहायला लागले, डावा हात मांडीखाली दाबून. दुकानाची खोली एका चष्मेवाल्याला भाड्याने द्यायचं ठरलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लेक त्याला घेऊन यायची होती. अशा वेळी हा बेकरीवाला तेल गळणारी गाडी घेऊन दारात.

“काय झालंय?” आतून आवाज आला, आणि मी वळायच्या आत हे बाहेर आलेसुद्धा. डावा हात खिशात घातलेला. गाडीपाशी उकिडवे बसले, मान वाकडी करून इंजिनाखाली बघितलं.

“कुणी केलं हे?”

बेकरीवाल्याने हकिगत सांगितली. इंजिनातलं तेल बदलायचं होतं, आणि ते थांबवणारा बोल्ट घट्ट बसला होता. पहिल्या मेकॅनिकने पाना घसरवून घसरवून त्याचं डोकं गोल करून ठेवलं. दुसऱ्याने छिन्नी लावली, तर डोकंच उडालं आणि उरलेला बोल्ट भोकात आतच राहिला. तिसऱ्याने बघितलं आणि म्हणाला, इंजिन भंगारात घाला.

“तिसरा त्यातल्या त्यात शहाणा,” हे म्हणाले. “त्याने काही केलं नाही.”

“दुसरी गाडी घेता येईल हो मिस्त्री,” बेकरीवाला म्हणाला. “पण माझ्या वडिलांनी हिच्यावरून पाव वाटले. अजून सकाळी हिचा आवाज आला की लोक दारं उघडतात. हाक मारावी लागत नाही.”

ह्यांनी इंजिनावरून एकदा उजवा हात फिरवला. मग उठून म्हणाले, “ठेवून जा. उद्या दुपारी ये.”

बेकरीवाला गेला आणि मी तोंड सोडलं. इतकी वर्षं मिस्त्रीच्या घरात राहिल्यावर भिंतीलासुद्धा थोडंफार कळायला लागतं. बोल्ट पोलादाचा आणि इंजिनाचं अंग ॲल्युमिनियमचं. अडकलेला बोल्ट काढायला त्याच्या बरोब्बर मध्यावर भोक पाडायचं असतं, आणि ड्रिल म्हणजे माणसासारखंच, कठीण सोडून मऊ बाजूला पळणारं. केसभर सरकलं की इंजिनाला भोक. आणि तसलं इंजिन आता शोधून सापडायचं नाही.

“अहो, चांगले धडधाकट हात होते त्यांना नाही जमलं. तुम्ही काय करणार?”

“माहितीये मला.”

“मग?”

“मग काय. बघू.”

“सुंभ जळाला तरी पीळ जात नाही,” मी म्हटलं आणि आत निघून गेले. रागाने म्हटलं होतं, पण खरं म्हणजे मला भीती वाटत होती. इंजिन गेलं असतं तर बेकरीवाला चार दिवस हळहळला असता. हे मात्र त्या खुर्चीतून पुन्हा उठले नसते. माझा माणूस मला ठाऊक होता.

सकाळी उठून बघते तर शटर अर्ध्यावर उघडलेलं. हे गाडी आत घेऊन, आडवी टेकवून, बोल्टाच्या भोकात तेल सोडत होते. थेंबभर सोडायचं आणि थांबायचं. पुन्हा थेंबभर, पुन्हा थांबायचं. सगळं उजव्या हाताने. डावा मांडीखालीच.

“नमनालाच घडाभर तेल,” मी चहा ठेवत म्हटलं.

हे हसले. म्हणाले, “बोल्टाला घाई केली होती त्या दोघांनी. तो घाबरून बसलाय.”

मग छोटी गॅसबत्ती पेटवून त्यांनी भोकाच्या भोवतीचा भाग तापवला आणि त्याला मेणबत्तीचं टोक टेकवलं. मेण पाण्यासारखं वितळलं आणि बघता बघता बोल्टाच्या कडेने आत शोषलं गेलं. “आटे पितायत,” हे म्हणाले. बोल्टावरच्या पिळाच्या रेघांना ते आटे म्हणतात. मग हातोडीने टिचक्या. मारणं नव्हेच ते, झोपलेल्याला उठवताना आपण दार वाजवतो तसं. गार होऊ द्यायचं, पुन्हा तापवायचं, पुन्हा मेण. मी भाजी निवडायचं सोडून तिथेच बसले, ते मला कळलंही नाही.

“दिवा धर जरा,” हे म्हणाले. “इथे, तिरका. आणि बोलू नकोस.”

“मी कधी बोलते?”

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी दिवा धरला.

आता पंच मारायचा होता. बोल्टाच्या मध्यावर पंचाचं टोक ठेवायचं आणि एक घाव घालून खळगी पाडायची, म्हणजे ड्रिलला बसायला जागा होते. उजव्या हातात हातोडी. तेव्हा पंच धरायचा तो डाव्या हातातच, त्याला दुसरा इलाजच नाही. ह्यांनी मांडीखालून डावा हात काढला. वर्षभरात मी तो असा उघड्यावर, उजेडात बघितलाच नव्हता. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासल्यासारखी हलत होती, मनगट फडफडत होतं. हाताने पंच उचलला, तर पंचही हलायला लागला.  ‘अहो, नको’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

पंचाचं टोक बोल्टावर टेकलं, आणि हात थांबला.

थरथर नुसती कमी झाली असं नाही. थांबला. रडणारं मूल आईच्या खांद्यावर गेल्यावर गप्प होतं तसा गप्प झाला. मी दिव्याच्या उजेडात बघत होते, पापणी न लवता बघत होते. नखसुद्धा हलत नव्हतं. ह्यांनी टोक किंचित इकडे घेतलं, किंचित तिकडे घेतलं, डोळा बारीक केला आणि एकच घाव घातला. खळगी पडली, ती बरोब्बर मधोमध.

हात उचलला, की थरथर पुन्हा सुरू. ह्यांनी मान वर केली नाही. हाताने फिरवायचं जुनं ड्रिल घेतलं. विजेचं कपाटात होतं, पण त्याला पोच नसते असं हे म्हणतात. उजव्या हाताने मूठ फिरवायची आणि डाव्याने ड्रिल सरळ धरायचं. म्हणजे सगळा भार पुन्हा त्या डाव्यावरच. ड्रिल टेकलं आणि तो पुन्हा गप्प झाला. मूठ फिरत राहिली, पोलादाचे बारीक कुरळे कीस वर येत राहिले, आणि तो हात भिंतीतल्या खुंटीसारखा तिथे राहिला. किती वेळ, ते मला सांगता यायचं नाही. माझा दिवा धरलेला हात भरून आला, थरथरायला लागला. माझा! ह्यांचा नाही. मला वाटत होतं की कुणीतरी यावं, लेकीने यावं, डॉक्टरांनी यावं, तो ‘उद्या येतो’ म्हणून गेलेला यावा आणि हे बघावं. ज्या माणसाला मी वर्षभर ‘बसा, बसा’ म्हणत बसवून ठेवलं, तो मला त्या क्षणी डोंगराएवढा वाटला.

भोक पडलं. ह्यांनी त्यात उलट्या पिळाची निमुळती सळई घातली. ती आत रुतत जाते आणि बोल्टाला उलटा फिरवते. दोन्ही हातांनी तिची दांडी धरली, श्वास घेतला आणि दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग ‘कर्र’ असा एक आवाज आला, दाराच्या जुन्या बिजागरीचा येतो तसा.

“आला,” हे हळूच म्हणाले.

बोल्ट फिरत फिरत वर आला. ह्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. अजून कोमट होता. ह्यांनी भोकात करंगळीचं टोक फिरवलं आणि म्हणाले, “आटे शाबूत आहेत. ओरखडा नाही.” मग डावा हात गुडघ्यावर ठेवला, तशी थरथर पुन्हा सुरू झाली. आम्ही दोघंही त्या हाताकडे बघत बसलो.

“डॉक्टर म्हणाले होते,” हे म्हणाले, “ह्या दुखण्यात हात रिकामा असला की जास्त हलतो, कामाला लागला की काही वेळा थांबतो. मला वाटलं, मन राखायला म्हणतायत.”

“मग द्यायचं नाही दुकान!” मी उसळून म्हटलं. “मी सांगते लेकीला. आज आली की सांगते.”

“अगं, आज थांबला. पुढे थांबणार नाही, तेही डॉक्टरच म्हणालेत. लोकांची इंजिनं काय आपल्या प्रयोगाला आहेत?” त्यांनी डावा हात उचलून दाखवला. “त्या दिवशी दुकान ह्या हाताने बंद केलं होतं. आज मी करतोय. एवढंच हवं होतं मला.”

मी तळहातावरचा बोल्ट पदराने पुसला.

दुपारी बेकरीवाला आला. नवा बोल्ट बसलेला, फरशी कोरडी, तेलाचा टिपूस नाही. त्याला आनंद कुठे ठेवू असं झालं. तेवढ्यात त्याची नजर ह्यांच्या गुडघ्यावरच्या हाताकडे गेली. ह्या वेळी ह्यांनी तो लपवला नाही. बेकरीवाल्याचा चेहरा उतरला, आवाज खाली आला.

“मिस्त्री, मला ठाऊक नव्हतं. उगीच त्रास दिला. कुणाकडून काढून घेतलात?”

“ह्यांनीच काढला,” मी म्हटलं.

“हो, हो वहिनी. मिस्त्री समोर बसले म्हणजे त्यांनीच काढल्यासारखं.” बिचारा मनापासून म्हणाला. मी पुढे बोलणार होते, पण ह्यांनी मान हलवली.

“गाडी चालू कर,” हे म्हणाले.

त्याने किक मारली. तो घोगरा आवाज खोलीत भरला. हे डोळे मिटून ऐकत राहिले आणि मग त्यांनी ‘जा’ अशी खूण केली.

लेक चष्मेवाल्याला घेऊन आली तेव्हा हे शटरबाहेर स्टुलावर चढले होते आणि मी स्टूल धरून उभी होते. दुकानाची पाटी काढायची होती.

“बाबा, उतरा आधी! आई, तू तरी! कुणीही काढेल ती पाटी.”

“काढू दे त्यांना,” मी म्हटलं. माझा आवाज असा काही निघाला असावा, की ती तिथेच थांबली.

ह्यांनी डावा हात पाटीला लावला. उजव्या हाताने स्क्रू फिरवायला घेतले. इतकी वर्षं उन्हातान्हात राहिलेले स्क्रू, मला वाटलं आता पुन्हा तेल, पुन्हा मेण, पुन्हा टिचक्या. पण पहिला स्क्रू दोन बोटांनी फिरवल्यासारखा सहज बाहेर आला. ह्यांनी तो माझ्या हातात दिला. मग दुसरा. तोही तसाच.

“हे कसे इतके पटकन निघाले?” मी विचारलं.

“बसवताना ग्रीस लावलं होतं,” हे वरून म्हणाले. “कधीतरी काढायला लागणारच होते.”

आणि त्यांनी तिसरा स्क्रू खाली दिला.