सुषमा हळू यायची

"केस आले," शुक्री म्हणाली. "आता कपाळ येल."

दवाखान्याचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या उमेशने मान हलवली आणि माउसवरचा हात काढून घेतला. या धुडाला घाई केली की ते जास्तच अडतं, हे तो अनुभवाने शिकला होता. पडद्यावर वरून खाली, पट्टीपट्टीने, एक मुलगी उतरत होती. तेल चोपडून बसवलेले केस आले, लाल रिबिनीचं टोक आलं, मग कपाळ, मग भुवया. शुक्री स्टुलावर अगदी कडेला बसली होती आणि पदराचं टोक मुठीत घट्ट धरून बघत होती.

डोळे आले तसा उमेश उठला. तो नेहमी तिथेच उठायचा. मेलेल्या पोरीने आईकडे बघावं आणि आपण मध्ये खांबासारखं उभं राहावं, हे त्याला सोसायचं नाही. तो बाहेर जाऊन उगाच वायरी तपासायचा, आणि परत येईपर्यंत शुक्री निघून गेलेली असायची. टेबलावर कधी चार चिकू, कधी पानात बांधलेली करवंदं.

हा ट्रस्टचा दवाखाना कासा गाव ओलांडून आत, सागाच्या झाडांमागे आहे. लांबलांबच्या पाड्यांवरून सिकलसेल या रक्ताच्या आजाराची माणसं इथे येतात. वारावरून नाव ठेवायची रीत, त्यामुळे एकाच पाड्यावर तीन शुक्र्या आणि चार बुध्या. बापाचंही नाव विचारलं तर दोघींचा बाप लडक्याच निघायचा. रक्त एकीचं आणि रिपोर्ट दुसरीचा, असा गोंधळ नको म्हणून प्रत्येक पेशंटचा फोटो काढून सर्व्हरवर ठेवायचं ठरलं. शुक्रीच्या सुषमाचा फोटो मुंबईहून शिबिराला आलेल्या एका हौशी डॉक्टरने आपल्या मोठ्या कॅमेऱ्याने काढला होता. एवढा जड फोटो सबंध दवाखान्यात दुसरा नव्हता. म्हणून तो उतरायला इतका वेळ लागायचा.

तिचा दुसरा फोटोच नव्हता; त्या डॉक्टरनेही आपल्या कॅमेऱ्यातला कधीच पुसला होता. बाप लडक्या गुजरातेत बोटीवर खलाशी. त्याच्या मोबाइलमध्ये एक होता, तो मोबाइल समुद्रात गेला. आधारकार्डावर जे काही आहे, त्यात पोर कुठे आहे ते शोधावं लागतं. पोर गेल्यावर उमेशने आपणहून फोटो छापून दिला होता. पण शुक्रीची सासू बुधीबाई हटून बसली. मेलेल्या पोराचं तोंड घरात ठेवलं की पोर घरातच घुटमळतं, त्याला पुढची वाट सापडत नाही, असं म्हातारीचं म्हणणं. तिने तो कागद सूर्या नदीत सोडून दिला. उमेश दुसरा छापायला निघाला तर शुक्रीच नको म्हणाली.

"दुसऱ्यांदा पाण्यात सोडायला लागल. तिला इथंच राहू दे. मी येते."

म्हणून ती दवाखान्याजवळच्या दर आठवडी बाजाराला यायची. मिरची, मीठ, सुकट घ्यायची, आणि जीप भरेपर्यंतच्या वेळात पोरीला बघून जायची. आता सांगा, असल्या गोष्टीला कुठल्या खात्यात बसवायचं? पेशंट मेलेला, फाइल बंद. पण सर्व्हर होता, तोवर पोर होती.

आणि सर्व्हर तर शेवटचे आचके देत होता. रिपोर्ट मागितला की डॉक्टर पेशंटकडे बघायचे, पेशंट डॉक्टरांकडे, आणि दोघं मिळून पडद्याकडे. शेवटी ट्रस्टच्या मॅनेजरने, जतीनभाईंनी, नवं यंत्र मागवलं. सोबत चार नव्या कोऱ्या डिस्क.

"उमेस, आता लोकांना तंगवायचं नाय," जतीनभाई म्हणाले. "तू बे रीते, दोन तऱ्हेने, चालव ने बघ. जे पळेल ते ठेव."

चार डिस्क मांडायच्या तऱ्हा दोन. एका तऱ्हेत दोन डिस्कवर माहिती लिहायची आणि उरलेल्या दोन त्यांच्या जुळ्या. एक मेली तर तिची जुळी उभी राहते. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक गोष्टीचे तुकडे करून चौघींवर वाटायचे. चौघी एकदम कामाला लागतात, म्हणून ते सुसाट पळतं. मात्र एक जरी गेली तरी उरलेल्या तिघींकडे नुसत्या चिंध्या राहतात.

रविवारी दवाखाना बंद ठेवून उमेश सकाळपासून बसला. वरोरच्या मच्छीमाराचं पोर ते, भरतीची वेळ डोळे मिटून सांगणाऱ्या घरातलं. मोजमापाचं वेड रक्तातच. आधी जुळ्या मांडल्या, सगळा डेटाबेस चढवला, शिबिराचा मोठा रिपोर्ट काढला, मग सुषमाचा फोटो उघडला. सगळं पुसून पुन्हा दुसऱ्या तऱ्हेने मांडलं, पुन्हा तेच. फोटोसारखी खरी परीक्षा नाही म्हणून तो फोटो त्याने उघडला, बंद केला, परत उघडला. किती वेळा, देव जाणे. त्याची नजर दरवेळी पडद्याच्या कोपऱ्यातल्या सेकंदांवर. जुळ्यांची मांडणी बरी चालली. तुकड्यांची मांडणी मात्र, बापरे! बोट लावायचा अवकाश, फोटो हजर. उमेश एकटाच खोलीत "अरे वा रे पठ्ठे!" म्हणून ओरडला.

सोमवारी त्याने जतीनभाईंना दोन्ही दाखवलं, आणि धोकाही सांगितला. खोटं कशाला बोला, सांगितला त्याने. पण आपल्या शर्यतीच्या बैलाचं कौतुक करताना त्याची खोड जेवढ्या आवाजात सांगतात, तेवढ्याच आवाजात सांगितला.

"बॅकअप तर घेतो ने तू रोज?"

"घेतो."

"मंग?"

मग काय! तुकड्यांची मांडणी पक्की झाली. जुना सर्व्हर ट्रस्टने तलासरीकडच्या एका शाळेला भेट दिला, सगळं पुसून, स्वच्छ करून.

शुक्री पुढच्या बाजाराला आली. स्टुलावर बसली, पदर मुठीत धरला. उमेशने ऐटीत बटण दाबलं. पोर समोर, आख्खी.

शुक्री दचकून मागे सरली.

"एकदम?"

"नवीन मशीन आहे ताई. आता थांबायला नको."

तिने थोडा वेळ बघितलं. "आधी हळू यायची. केस, कपाळ... मला कळायचं, आता येते, आता येते. ही तर आली आन् झालं."

"लोकांना वेगच लागतो ताई."

"मला कसली घाई?" शुक्री म्हणाली, आणि त्या दिवशी लवकर उठली.

नव्याचे नऊ दिवस सरले. रोजचा बॅकअप सकाळपर्यंत रेंगाळू लागला आणि ओपीडीच्या वेळेला सर्व्हर पुन्हा जड होऊ लागला. डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं. उमेशला ते जिव्हारी लागलं. त्याचा बैल मागे पडत होता. बघितलं तर वेळ सगळा फोटो खात होते. त्याने बॅकअपच्या यादीतून फोटोंसमोरची खूण काढून टाकली. नवा बॅकअप जुन्यावरच लिहिला जायचा, त्यामुळे फोटोंची आधीची प्रतही पुसली गेली. चार दिवसांपुरती, फोटोंसाठी वेगळी डिस्क आणेपर्यंत. रिपोर्ट पुन्हा पळू लागले, डॉक्टर खूश, उमेशही खूश. वेगळी डिस्क आणायची राहिली ती राहिलीच.

वैशाखात वीज दिवसभर ये-जा करत होती. इन्व्हर्टर तापून वास मारत होता. एका दुपारी यंत्रातून टक, टक, टक असा आवाज आला आणि पडदा काळा झाला. चौघींपैकी एक डिस्क गेली होती. उमेशने ती थंड केली, काढून बसवली, कानाशी धरली, नवसही बोलला. मुंबईच्या दुरुस्तीवाल्यांनी ठेवून घेतली आणि नकाराचा फोन केला.

रिपोर्ट सगळे बॅकअपमधून परत आले. रक्तगट, औषधं, तारखा, काही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दवाखाना सुरूही झाला. जतीनभाईंनी सगळ्यांना चहा पाजला.

"फोटोज गेले ने? एमां सुं, तेच्यात काय? पेशंट येतील तसे नवे काढ."

"आणि जे येणार नाहीत त्यांचे?"

"जे येनार नाय," जतीनभाई खरोखरच विचारात पडले, "त्यांचे फोटो कोन मागनार?"

बैल गेला आणि झोपा केला, तशी वेगळी डिस्क मग आली. उमेशने ती बसवली आणि बाजाराच्या दिवसाची वाट बघत बसला. वाट कसली, धसका. रजा टाकावी असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

शुक्री आली. उमेश म्हणाला, "ताई, मशीन बंद आहे."

"बरं. पुढच्या बाजाराला येते." तिने चिकू ठेवले आणि गेली. ते चिकू उमेशने उचललेच नाहीत. टेबलावरच सडले.

पुढच्या बाजाराला तो दारातच उभा राहिला. बाकड्यांवर पेशंट बसले होते, पण आत नेऊन सांगायला धीर उरणार नाही, हे त्याला माहीत होतं.

"ताई, सुषमाचा फोटो गेला. मशीन बिघडलं. आता परत यायचा नाही."

शुक्रीने बाकड्यांवरच्या पेशंटांकडे बघितलं. "बाकीच्यांचं पण?"

"फोटो सगळ्यांचे. कागद राहिले. कागद मी जपले होते. फोटो नाही जपले. मशीन पळावं म्हणून मीच ते बाजूला ठेवले. माझ्यामुळं झालं ताई."

ती ओरडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. पण तिने पिशवी खाली ठेवली, त्याला ओलांडून आत गेली आणि आपल्या स्टुलावर बसली. पडद्याकडे तिने बघितलंही नाही.

"तिचा बा कधी म्हणतो नाक माझ्यावानी होतं, कधी म्हणतो आयवानी. मला पण आता नीट दिसत नाय. आवाज येतो, तोंड येत नाय. म्हणून तर यायची." मग उमेशकडे वळून ती म्हणाली, "तू तर रोज मशीनपाशी. तू बघितलीय तिला. सांग."

"काय सांगू?"

"यायची तशी सांग. वरून."

उमेश समोर बसला. त्याने डोळे मिटले.

"केस," तो म्हणाला. "तेल लावलेले. मधोमध भांग. लाल रिबीन, डाव्या बाजूची जरा सुटलेली."

"हां."

"कपाळ छोटं. उजव्या भुवईच्या वर देवीच्या व्रणासारखा एक डाग."

"चुलीचा. भाजली होती." शुक्री म्हणाली. "पुढं."

"डोळे. मोठे. कॅमेऱ्याला जरा घाबरलेले."

"हां. हां. नाक?"

नाक उमेशला सापडेना. दरवेळी डोळे आले की तो उठून जायचा. आणि त्या रविवारी आख्खी पोर पुन्हापुन्हा समोर आली, तेव्हा तो सेकंद बघत होता. डोळ्यांच्या खाली त्याच्यापाशी काहीच नव्हतं. त्याने जीव खाऊन आठवून बघितलं. बाहेर जीपवाला कासा, कासा म्हणून ओरडत होता.

शुक्रीने स्टूल जरा पुढे ओढलं आणि पदराचं टोक मुठीत धरलं.

"हळू येऊ दे," ती म्हणाली. "मी थांबते."