देव्हाऱ्यातली जिन

या, असे पुढे सरका, टाळ जरा खाली ठेवा. इब्रामपूरच्या सगुणाची गोष्ट सांगतो. हसायची आहे, पण हसून झाल्यावर लगेच उठू नका.

सगुण माळकरी, कीर्तनाचा वेडा. सप्ताहात यशवंतबुवांच्या मागे झांज घेऊन उभं राहायचा मान त्याचा. तो मान तो असा मिरवायचा, की बुवा जणू याच्या झांजेसाठीच गातात. आवाज मात्र यथातथाच. ध्रुपदाला तोंड तो उघडायचा आणि सूर बाकीचे लावायचे. हे गावाला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं.

पोटासाठी तो खाडीतल्या एका बेटावर जायचा. तिथे तेजस्विनी नावाच्या शिकलेल्या मुलीने लहानशी भट्टी घातली होती. तांब्याच्या हंड्यात धणे, लिंबाची साल, खाऱ्या वाऱ्यावर सुकवलेली कोकमं, तिरफळं आणि जुनिपर नावाची परदेशी फळं पडायची आणि थेंबाथेंबाने जिन नावाची विलायती दारू उतरायची. साली सोलायच्या, तिरफळातल्या बिया काढायच्या, हे सगुणाचं काम. गावात काजूच्या फेणीच्या भट्ट्या काय कमी होत्या? तिथे राबला असता तर कोणी विचारलंही नसतं. पण गळ्यात तुळशीमाळ आणि हाताला दारू, हे त्याच्या स्वतःच्याच पचनी पडेना. म्हणून घरी त्याने सांगून टाकलं, औषधाचा कारखाना आहे. बायकोने, देवकीने, ते गावभर केलं.

पहिल्या घाण्याची बाटली तेजस्विनीने त्याला भेट दिली. देवकीने ती कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवली. सगुण रोज सकाळी तिच्यापुढे हात जोडायचा. करतो काय, देवही तिथेच होते.

त्याच्या अंगाला तिरफळाचा वास यायचा. याच्याशेजारी छाती कशी मोकळी होते, असं बुवा कौतुकाने म्हणायचे. सगुण नम्रपणे मान खाली घालायचा. त्या नम्रतेत तो चांगला तयार झाला होता.

आणि सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, ऐन काल्याच्या कीर्तनाला, बुवांचा गळा बसला. मंडप भरलेला, बुवांच्या तोंडून नुसता वारा. काल्याचं कीर्तन झाल्याशिवाय सप्ताह उतरत नाही. देवकी घरी गेली आणि देव्हाऱ्यातली औषधाची बाटली पदराखालून घेऊन आली. पेल्यात ओतून तिने तो बुवांच्या हातात दिला, वर तुळशीचं पान टाकून.

सगुणाने झांज छातीशी आवळून धरली. बोलावं तर बुवांच्या मागची जागा गेली. न बोलावं तर जन्मात दारूला न शिवलेला माणूस आपल्या हातची पिणार. बुवा नुसत्या गुळण्या करून थुंकतील, असा एक सौदाही त्याने देवाशी मनातल्या मनात करून पाहिला. तेवढ्यात बुवांनी डोळे मिटून पेल्यावर नाम घेतलं. सगुणाने त्यांचं मनगट धरलं.

"बुवानू, पिऊ नकात. दारू ती."

मागून देवकीचा आवाज आला, "आणि मी तिका रोज कुंकू लावतंय!"

सगुणाने झांज बुवांच्या पायाशी ठेवली आणि निघाला.

"खंय चल्लंस?" बुवा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "माझो गळो बसलो, हात नाय बसले. झांज मी वाजवतंय. तू गादीर उभो रव."

"माका गावंक येना, बुवा."

"गाव नको. आता बोललंस ना, तसांच सगळां खरां सांग."

नारदाच्या गादीवरून खोटं बोलता येत नाही. सगुणाने बेट सांगितलं, हंडा सांगितला, देव्हारा सांगितला. लोक पोट धरून हसले. आवाज कुठे फाटला की बुवांची झांज मोठी व्हायची आणि झाकून न्यायची. सगुणाच्या काल्याच्या कीर्तनावर हंडी फुटली, सप्ताह उतरला.

मग रीतीप्रमाणे सगळे कीर्तनकाराच्या पाया पडायला आले. पहिले बुवाच वाकले. सगुण घाबरून त्याच क्षणी त्यांच्या पायांवर वाकला आणि दोघांची डोकी खाडकन आपटली. कपाळाचा बुक्का एकमेकांना लागला.

सगुण अजून बेटावर जातो, कुठे जातो ते सांगून जातो. बाटली देव्हाऱ्यातून उतरली. बुवा मात्र आता राहिले नाहीत. तेव्हा पुढे कधी काल्याचा घास घ्याल, त्या वेळी सगुणाला विसरलात तरी चालेल. त्याच्या मागे झांज घेऊन उभे राहिलेल्या यशवंतबुवांची आठवण तेवढी ठेवा.