पेयोच्या डब्यात बटणं होती

मी एक जुनी रायफल आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच ठणकावून सांगते, मी बिघडलेली नाही. कधीच नव्हते. जे माझ्याविषयी काहीबाही बोलले, त्यांनी आता हे शांतपणे वाचावे.

माझा जन्म अमेरिकेत, पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, नळी काळ्या पोलादाची. चापाच्या भोवती एक लिव्हर. ती खाली ओढली की माझा छोटा आकडा गोळी सुटून उरलेल्या रिकाम्या पितळी पुंगळीचा काठ पकडतो आणि तिला बाहेर भिरकावतो. लिव्हर वर घेतली की नवे काडतूस आपल्या घरात जाऊन बसते. नळीच्या बुडाशी जी गोल जागा असते, ते काडतुसाचे घर. एवढेच माझे काम, आणि त्यात मला तोड नव्हती.

वायोमिंगच्या डोंगरात मला पेयो इरिबार्नेने आणले. तो युरोपातून आलेला बास्क मेंढपाळ. चाकांवरच्या कापडी छपराच्या गाडीत त्याचा संसार होता, आणि त्या गाडीच्या दारावर माझी जागा. कमरेला त्याच्या एक चामडी पट्टा असे. एकेका काडतुसासाठी एकेक कप्पा, कडेने ओकच्या पानांची नक्षी. लोक आधी पट्ट्याकडे पाहत, मग माझ्याकडे. मला त्याचा राग यायचा, खोटे कशाला बोलू!

दिवस मावळताना पेयो गाडीच्या पायरीवर बसायचा. पट्ट्यातले एकेक काडतूस काढायचा, लोकरीच्या फडक्याने पुसायचा, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटायचा आणि तंबाखूच्या रिकाम्या डब्यात ठेवायचा. सकाळी पुन्हा पट्ट्यात. त्याची मुलगी मायलेन आत चुलीवर पाव भाजत असायची. कोणी हाक मारली तर ती दारातूनच दटावायची, "थांबा जरा! बाबांचा जप चाललाय."

पेयो गेला तेव्हा मायलेन चाळिशीची होती. कळप तिने घेतला. गावात लोकांनी नाके मुरडली, पण तिने कोणाकडे पाहिले नाही. बाबांचा पट्टा तिने भरलेलाच खिळ्याला टांगला. दर रविवारी ती मेंढीची चरबी लावून तो चोळायची. एखादे काडतूस वापरले तर त्या जागी नवे खोचायची, बाकीची जागची हलवायची नाही. बाबांच्या हातची होती ना ती! आणि तंबाखूच्या डब्यात तिने बटणे ठेवली.

मी दारावरून हे सगळे पाहत होते. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

दोन वर्षांत कप्प्यांच्या आत पितळेवर हिरवा थर चढू लागला. माझी लिव्हर जड जाऊ लागली. मायलेन तळहाताने ती ठोकायची आणि म्हणायची, "म्हातारी झालीस गं." मी म्हातारी? मी निमूटपणे ते ऐकून घेतले, एवढाच माझा गुन्हा.

मग ती वसंतातली पहाट आली. मेंढ्या विणीला आल्या होत्या. अस्वल ओढ्याच्या बाजूने आले. मायलेनने पहिली गोळी झाडली, ती चुकली. तिने लिव्हर ओढली. माझ्या आकड्याने जीव खाऊन ओढले, पुंगळीच्या काठाचा तुकडा तुटून त्याच्या तोंडात आला, पण पुंगळी घरात रुतली ती रुतलीच. दुसरी गोळी आत जायला जागाच नव्हती. मायलेन तवा बडवत ओरडत धावली. अस्वल गेले, पण दोन कोकरे गेली, आणि बेल्त्सा नावाची तिची काळी कुत्री मागचा पाय ओढत परत आली.

दुसऱ्या दिवशी डोमिंगो वर आला. हा तिच्या बहिणीचा नवरा. त्याने सळई घालून पुंगळी ठोकून काढली, खिशात टाकली आणि माझ्या पोटात अर्धी बाटली तेल ओतले. तेलाने माझे काही भले झाले नाही, फक्त धूळ चिकटली.

"आकडा झिजलाय," तो म्हणाला. "हे भंगार झालं मायलेन. कुंपणाला खांब म्हणून रोव."

"बाबांची आहे ती."

"बाबांची आहे म्हणून अस्वल घाबरतं का? हे बघ, स्पष्ट बोलतो. या बंदुकीवर कळप सोपवता येत नाही. तू खाली ये, बहिणीकडे राहा. मेंढ्या मी बघतो."

"तुला मेंढी आणि बकरी यातला फरक तरी कळतो का रे?"

"शिकेन की! शनिवारी ही घेऊन गावात जाऊ. एम्रिसनं म्हटलं दुरुस्त होत नाही, तर तू खाली यायचं. कबूल?"

मायलेनने बेल्त्साच्या पायाच्या पट्टीला गाठ मारली. मग म्हणाली, "कबूल."

म्हणजे मित्रांनो, त्या बाईचा डोंगर आता माझ्या एका आकड्यावर लटकला होता.

म्हातारा एम्रिस खोगिरे शिवायचा आणि बंदुका दुरुस्त करायचा. दुकानात मेणाचा आणि कातड्याचा वास. त्याने आधी मी रिकामी आहे ना ते पाहिले, मग काडतुसाच्या घरात दिवा धरून डोकावून पाहिले. डोमिंगोने खिशातली पुंगळी टेबलावर आपटली. "हा घे पुरावा. आकडा कामातून गेलाय."

म्हाताऱ्याने भिंग लावले. "काठ फाटलाय हा. बोळका माणूस असा चावा घेतो का डोमिंगो? झिजलेला आकडा नुसता घसरून येतो. यानं तर तुकडा तोडलाय. आकडा वाघ आहे. अडकलीय ती पुंगळी."

मी त्या क्षणी त्या म्हाताऱ्यावर जीव ओवाळून टाकला.

त्याने माझे घर ब्रशने घासले. फडके हिरवेकाळे होऊन बाहेर आले. मग दुकानाच्या मागे जाऊन त्याने नव्या खोक्यातली पाच काडतुसे मातीच्या ढिगात झाडली. पाचही पुंगळ्या टण्णकन उडून पडल्या. "आता तुझं एक दे," तो म्हणाला. मायलेनने पट्ट्यातले दिले. गोळी सुटली, आणि लिव्हर पुन्हा अडली.

एम्रिसने पट्टा हातात घेतला. एक काडतूस काढून तिच्यासमोर धरले. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कसे कळकते, तुमच्या आजीला विचारा. तसेच हे. कमावलेल्या कातड्यातला आंबटपणा पितळ खातो, पितळ खरबरीत होते, आणि ते गरम होऊन फुगले की घराला धरून बसते.

"पट्टा मीच शिवलाय," एम्रिस म्हणाला. "पट्टा दिवसापुरता, संध्याकाळी गोळ्या डब्यात. पेयोला शपथ घालून सांगितलं होतं. त्याचा तंबाखूचा डबा कुठंय?"

"त्यात... बटणं आहेत."

"बटणं?"

"मला वाटायचं, बाबा संध्याकाळी जप करतात."

"जप? पेयो?" म्हातारा खो खो हसला. "तो रविवारी चर्चच्या दारात मला शिव्या देत उभा असायचा! अगं, तो गोळ्या पुसायचा. आणि पुटपुटायचा त्या शिव्याही मलाच. एवढी कटकट लावून दिली म्हणून."

मायलेनही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. डोमिंगोने हळूच विचारले, "म्हणजे दुरुस्त झाली?"

"बिघडलीच नव्हती," एम्रिस म्हणाला.

ऐकलेत? बिघडलीच नव्हती! हे वाक्य माझ्या दस्त्यावर कोरून ठेवावे असे मला वाटते.

आम्ही पुन्हा डोंगर चढलो. बटणे आता एका जुन्या मोज्यात आहेत. पट्टा रात्रभर रिकामा लटकतो, आणि खरे सांगायचे तर आता मला त्याचा राग येत नाही. त्यालाही कोणी विचारले नव्हते. पानगळीत अस्वल परत आले. मायलेनने त्याच्या पुढ्यातल्या दगडावर एक गोळी झाडली, लिव्हर ओढली, पुंगळी गवतात उडाली, दुसरी गोळी सुटली. अस्वल जे पळाले, त्याने मागे वळूनही पाहिले नाही. लंगडी बेल्त्सा ओढ्यापर्यंत त्याच्यावर भुंकत गेली.

तर मित्रांनो, एखादी वस्तू अडली की तिच्यावर खापर फोडण्याआधी तिने काय थुंकले ते हातात घेऊन पाहा. आणि गेलेल्या माणसाची वस्तू जपायची असेल, तर तो तिच्यासाठी रोज काय करत होता तेही जपा. नुसती चरबी चोळून भागत नाही. माझी माफी अजून कोणी मागितलेली नाही, डोमिंगोने तर नाहीच. नको मला ती.

काल दिवस मावळताना तोच डोमिंगो मेंढ्यांसाठी मीठ घेऊन वर आला. मायलेन पायरीवर फडके घेऊन बसली होती, मांडीवर डबा, ओठांत पुटपुट.

"काय चाललंय?" त्याने विचारले.

"गप्प बस," ती म्हणाली. "जप चाललाय."