जास्तीचे दोन पाटे

"मिस्त्री, उगं विचार करीत बसू नका. ऊस भरल्यावर गाडी बसली न्हाई पायजे, एवढंच बघा," बबनराव म्हणाला आणि त्यानं ट्रकच्या मागच्या चाकावर टाच आपटली, जसा काही सगळा दोष त्या चाकाचाच होता.

रामप्रसाद मिस्त्री गाडीखाली उताणा पडला होता. छातीवर टॉर्च, तोंडात तंबाखू. वडवणीत परळी रस्त्याला त्याचं पत्र्याचं शेड होतं आणि त्या शेडात तीस वर्षं तो एकच काम करत आला होता, मोठ्या गाड्यांचे पाटे बांधायचं. पाटे म्हणजे चाकाच्या दांडीवर एकावर एक रचून आवळलेल्या पोलादी पट्ट्या. गाडीचं ओझं त्यांच्यावर आणि रस्त्याचा मारही त्यांनीच खायचा. रामप्रसादनं बांधलेला पाटा तुटला तर रस्त्याला शिव्या घालाव्यात, मिस्त्रीला नाही, असं ड्रायव्हर लोक म्हणायचे. हे त्याच्या कानावर आलं होतं आणि त्याला ते मनापासून आवडायचं.

तो सरपटत बाहेर आला.

"बबनराव, अकरा पाटे हायेत आन् ते धड हायेत. हिला वरून हेल्पर बसवा."

"हेल्परनं काय होतंय?"

"वरती वेगळी कमान असती. गाडी रिकामी असली की ती नुसती बसून राहती. ओझं पडून गाडी खाली आली की मग ती टेकती आन् भार उचलती. रिकाम्याला रिकामं, भरल्याला भरलं."

"मग बसवा की. नाटकं कावून?"

"तिचे ब्रॅकेट आदल्या मालकानं कापून टाकलेत. नवे बीडातून आणावं लागतेत, आन् दिवाळीची दुकानं बंद. दोन दिवस थांबा."

"परवा टोळी निघायची मिस्त्री. वीस कोयते गाठोडी बांधून बसलेत. तिकडं कारखान्याचा बॉयलर पेटला. थांबतो कशानं? पाटेच वाढवा दोन-दोन."

बबनराव टोळीचा मुकादम होता, आणि गाडीही त्याचीच. तो चहाला गेला आणि रामप्रसाद एकटाच गाडीच्या मागं उभा राहिला.

तिसरा एक मार्ग होता, आणि तो रामप्रसादला पक्का ठाऊक होता. गाडीला काहीच करायचं नाही. जाताना तिच्यात माणसं असणार. वीस कोयत्यांची चाळीस माणसं, त्यांची बाजरी, भांडीकुंडी आणि दोन शेळ्या धरल्या तरी उसाच्या पाव हिश्श्याइतकंही वजन भरत नाही. तेवढ्याला अकरा पाटे पुष्कळ झाले. पुढं कारखान्यावर पोचल्यावर तिथल्या कुणा मिस्त्रीकडून हेल्पर बसवून घ्यायचा. एवढं बोलायला जीभ जड व्हायचं कारण नव्हतं. पण आपण हात घातलेल्या गाडीला तिकडचा कुणी हात लावणार आणि नाव त्याचं होणार, हे रामप्रसादच्या पचनी पडेना. माणूस साठीला आला तरी त्याचा पोरकट अभिमान काही साठीला येत नाही.

आणि त्या गाडीत त्याची लेक शिवकन्या बसणार होती.

लग्नाला सहा वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते. पाचवा महिना चालू होता. आईनं भाऊबीजेला तिची चोरचोळी केली, हिरवी चोळी अंगात घालताना पोरगी लाजून हसली होती. रामप्रसादनं जावयाला, हनुमानला, दोनदा विनवलं होतं की यंदा हिला इथंच ठेवा. हनुमान काही वाईट माणूस नव्हता. तो खाली मान घालून म्हणाला, "मामा, कोयता म्हंजी जोडी. अर्ध्या कोयत्याला कुणी इचारीत न्हाई."

बारा वर्षांपूर्वी घाटात पाटा तुटून मजुरांची एक गाडी उलटली होती. तो पाटा दुसऱ्या कुणी बांधलेला होता, पण गाडी उचलायला रामप्रसादला बोलावलं होतं. त्या दिवशी त्यानं जे पाहिलं ते बायकोलाही कधी सांगितलं नाही. आता शिवकन्येच्या गाडीचा पाटा तुटायचा नाही म्हणजे नाही. त्यानं भट्टी पेटवली. दोन्ही बाजूंना दोन-दोन जाड पाटे घेतले, त्यांना हातानं गोलाई दिली, ताव दिला, पाणी दिलं आणि सगळी चळत अशी आवळली की पहारीनंही हलू नये. त्या जास्तीच्या पाट्यांची मजुरीसुद्धा घेतली नाही. लेकीच्या गाडीची कसली मजुरी घ्यायची?

संध्याकाळी तो ड्रायव्हरशेजारी केबिनमध्ये बसून तेलगाव रस्त्यानं चक्कर मारून आला. ड्रायव्हर हरिओम बोलायला कमी, पण गाडीचा जाणता होता.

"मिस्त्री, मागून लई उडतीय."

"रिकामी हाय म्हून. ओझं पडू दी, गुमान बसंल."

ओझं म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढं ऊस होता.

टोळी तिसऱ्या दिवशी सकाळी निघाली. रामप्रसादनं बबनरावाला म्हणून पाहिलं की पोरीला केबिनमध्ये घ्या. पण केबिनमध्ये बबनराव, त्याचा मेहुणा आणि मेहुण्याची पेटी होती. तेव्हा रामप्रसाद स्वतः हौद्यात चढला, मागच्या बाजूला बाजरीची पोती सारखी लावली, त्यावर गोधडी चौपदरी घातली आणि लेकीला हाताला धरून तिथं बसवलं. ती जागा बरोबर मागच्या चाकांवर होती.

"आप्पा, उतरा आता. गाडी निघाली," शिवकन्या म्हणाली.

"काय लागलं तर गाडी थांबवाय सांग बाई. लाजू नको."

"बरं."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. हनुमान होता, पण त्याला बोलता येईना. मग टोळीतल्या भिवराबाईनं फोन घेतला. वाटेत टेंभुर्णीच्या पुढं शिवकन्येचं पोट दगडासारखं कडक झालं. भिवराबाईनं केबिनवर थापा मारल्या, पण पुढं ऐकूच जात नव्हतं. गाडी थांबली ती डिझेलला. तिथून तिला सरकारी दवाखान्यात नेलं.

"पोरगी वाचली मिस्त्री, तेवढं समाधान माना," भिवराबाई म्हणाली. "ल्योक होता."

रामप्रसाद "हां" म्हणाला. मग फोनवर बबनराव आला. तो झालं ते वाईट झालं म्हणाला, देवाच्या मनात नव्हतं म्हणाला, आणि खरंच वाईट वाटलेल्या आवाजात पुढं म्हणाला, "पण मिस्त्री, तुमच्या पाट्यांनी काम केलं बगा. एवढ्या खड्ड्यातून कुठं हू की चू न्हाई."

रामप्रसाद आठ दिवसांनी एसटीनं तिकडं गेला. खोपीत कुणी नव्हतं. लोकांनी बोटानं दाखवलेल्या फडात तो गेला तर शिवकन्या मोळ्या बांधत होती. हनुमान तोडत होता आणि ती वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा पाला, वळून मोळीला गाठ मारत होती. बापाला पाहून तिनं पदरानं तोंड पुसलं आणि त्याला बांधावरच्या सावलीत नेऊन भाकरी वाढली. आईची चौकशी केली, शेळी व्याली का विचारलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि तेच त्याला बघवेना.

त्यानं घास खाली ठेवला.

"बाई, ती गाडी मीच कडक केलती. माणसाला एवढे पाटे लागत न्हाईत. मला ठावं हुतं, तरी घातले. पाटा तुटू नये म्हून."

शिवकन्येनं पायाच्या अंगठ्यानं एक ढेकूळ फोडलं.

"मला कळलं हुतं आप्पा," ती म्हणाली. "पोत्यावर बसल्याबसल्याच कळलं हुतं. गाडी खालून नुसती मारीत हुती."

"मग कुणाला बोलली कावून न्हाईस?"

"काय बोलू? ह्यांनी समद्या टोळीला सांगितलंय, माझ्या सासऱ्यानं गाडी बांधली म्हून. लई मोठेपणा वाटतो त्यास्नी. आता तुमी बी कुणाला सांगू नका. ह्यांना तर अजिबात न्हाई." तिनं भाकरीचा तुकडा त्याच्या हातात परत दिला. "खावा."

तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर तो सुखानं परत आला असता. तिनं त्याला पाठीशी घातलं आणि तो कायमचा अडकला. त्यानं ती भाकरी खाल्ली. लेकीनं सांगितलं म्हणून खाल्ली.

निघताना तो बबनरावाकडं गेला आणि म्हणाला की ते दोन पाटे काढून देतो, हेल्पर बसवून देतो, पैसा नको. बबनरावाला हसू आलं. गाडी आता दर खेपेला तीन टन जास्त ओढत होती आणि कमान तसूभर वाकत नव्हती. कारखान्यावरचे आणखी चार गाडीवाले वडवणीच्या मिस्त्रीचा पत्ता विचारत होते.

ते चौघं पुढं खरंच आले. रामप्रसादनं त्यांना हेल्परच बसवा असं सांगितलं, समजावलं, शेवटी हात जोडले. मिस्त्री म्हातारा झाला म्हणत ते बीडला गेले आणि तिथून पाटे वाढवून आले.

चैत्रात पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला. टोळी परतायच्या आदल्या दिवशी रामप्रसाद पाने आणि जॅक पोत्यात घालून पुन्हा तिकडं पोचला. एक रात्र मिळाली तरी तो पाटे काढणार होता. बबनरावानं पोतं पाहिलं आणि हात झटकला. "आता काढता? परवापासून खडीच्या खेपा लागल्यात. हात लावू नका गाडीला."

मालकाची गाडी, मालकाची मर्जी. मग रामप्रसाद म्हणाला, निदान मला मागं बसून येऊ द्या.

"तुमी केबिनमधी या की. मान हाय तुमचा."

"न्हाई. मागं बसतो."

तीस वर्षांत रामप्रसाद चालत्या गाडीच्या हौद्यात कधी बसला नव्हता. बांधलेल्या प्रत्येक गाडीची चक्कर त्यानं पुढच्या गुबगुबीत सीटवरून मारली होती. आता पहिल्याच खड्ड्याला त्याच्या माकडहाडापासून मेंदूपर्यंत कळ गेली. त्यानं पुढचा खड्डा अंगावर घेतला, मग त्याच्या पुढचा. खाली काहीच लवत नव्हतं. इतकं चोख काम त्याच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं, हे त्याला तिथं बसून कळलं आणि त्याला ओरडावंसं वाटलं. त्यानं केबिनवर मुठी आपटल्या. हरिओमनं दोन मैल गाडी हळू चालवली. मग आतून बबनरावाचा आवाज आला असावा, कारण गाडी पुन्हा पळायला लागली.

भिवराबाईची सून राजनंदिनी हौद्याच्या मागच्या दाराला, फाळक्याला, धरून बसली होती. वय एकोणीस, चौथा महिना. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि ती कुणाकडं बघत नव्हती. भिवराबाई देवाचं नाव घेत होती.

शिवकन्या उठली. तोल सावरत मागं आली, पाय पसरून बसली आणि तिनं राजनंदिनीला ओढून मांडीवर घेतलं.

"रेल माझ्यावर. अंग सैल सोड. पाय खाली टेकवू नको."

"तुमाला लागंल, वैनी."

"मला काय लागायचं राहिलंय?"

खड्डा आला की शिवकन्या उडायची आणि आदळायची. राजनंदिनी तिच्या मांडीवर नुसती हलायची. शिवकन्येची पाठ दर वेळी फाळक्याच्या लोखंडावर आपटत होती. तोंडातून आवाज निघू नये म्हणून तिनं पदर दातांत धरला होता.

रामप्रसाद सरकत सरकत तिच्या मागं गेला आणि फाळका आणि लेकीची पाठ यांच्या मधे बसला. तिनं वळून पाहिलं नाही. थोडी हलली आणि सगळा भार टाकून बापाच्या छातीवर टेकली. वडवणी अजून दीडशे किलोमीटर लांब होती.