हिंमतरावांचा माळ

जीप देवळापाशी चिखलात रुतली, तेव्हा ढकलायला कुणी उठलं नाही. महादेवाच्या पायऱ्यांवर गावातले चाळीसेक पुरुष बसले होते. मागचं चाक जागच्या जागी फिरत चिखल उडवत होतं आणि ते सगळे नुसते बघत होते. शेवटी आमदार हिंमतराव धोतराचा सोगा उचलून स्वतःच खाली उतरले. त्यांचा एक जोडा चिखलातच राहिला. तोही कुणी काढून दिला नाही.

देवळाच्या ओसरीत सारजाबाई बाजेवरच्या सुनेच्या कमरेला तेल चोळत होती. वनमालाला सकाळपासून कळा येत होत्या. सारजाबाई गावची सुईण. चाळीस वर्षांत गावातलं जवळजवळ प्रत्येक पोर तिच्या हातावर आलं होतं, हे हिंमतरावसुद्धा. त्यामुळे सगळं गाव त्यांना साहेब म्हणायचं आणि ती एकटी अरेतुरे करायची. आज मात्र तिनं मान वर केली नाही.

सहा दिवसांपूर्वी तेरणेला पूर आला आणि खालची आळी तासाभरात वाहून गेली; वाचलेली माणसं तेव्हापासून देवळातच राहत होती. अकरा माणसं गेली. त्यांत तेलाचा घाणा चालवणाऱ्या बंडप्पाच्या दोन मुली होत्या, आणि सारजाबाईचा एकुलता एक अंबादास होता. बैलांची दावी सोडायला म्हणून तो गोठ्यात शिरला, तो तिसऱ्या दिवशी बाभळीला अडकलेला सापडला. एवढ्या बाळंतपणांत पोरांची तोंडं पुसणाऱ्या हातांनीच तिनं त्याचं तोंड धुतलं.

नदीवर राग धरून काय करणार? नदीला कुणी मत दिलं नव्हतं. राग होता तो माळाचा. दोन वर्षांपूर्वी, निवडणुकीच्या आदल्या पावसाळ्यात, पाणी उंबऱ्यांना लागून परतलं होतं. तेव्हा याच देवळात पिंडीवरचा बेल उचलून हिंमतरावांनी शब्द दिला होता की खालची आळी आपल्या वरच्या माळावर नेऊन बसवू. माळ तरी कसला, नुसतं खडकाळ रान. कुसळाखेरीज तिथं काही उगवत नव्हतं. मतं पडली, गुलाल उधळला, आणि महिन्याभरात त्या माळाला बोरीच्या काट्यांचं कुंपण पडलं.

हिंमतराव बोलायला पहिल्यापासून पटाईत, तसे आजही बोलले. सरकार तुमच्या पाठीशी आहे म्हणाले, देवाच्या करणीपुढं कुणाचं चालतं म्हणाले. बोलता बोलता त्यांना रडू आलं. ते खरंही असेल. पण डोळ्यांना लावलेला रुमाल इस्त्रीचा होता, आणि बायकांची नजर त्या रुमालाच्या घडीवरून हलली नाही. जीपमधून आणलेल्या ब्लँकेटांचा ढीग पायरीवर रचला गेला. एकही हात पुढं आला नाही. माळाचं काय, एवढंच बंडप्पानं विचारलं. त्यावर अर्ज, मोजणी, कलेक्टर असं बरंच काही निघालं आणि दिवाळीनंतर बघू, इथं येऊन थांबलं.

मग ते ओसरीत आले आणि सारजाबाईच्या पायांशी वाकले. तिनं पाय आखडून घेतले.

"सुतकात पाया पडत नसत्यात," ती म्हणाली. "सगळंच इसरलास व्हय?"

हिंमतराव ओशाळले. अंबादासबद्दल काहीतरी पुटपुटले, आणि सवयीनं हात जोडून म्हणाले, "बरं, येतो आता."

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. मयताच्या दारातून उठताना 'येतो' म्हणू नये, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पुन्हा असल्या कामाला येणं नको, म्हणून माणूस न बोलता उठतो. दहा वर्षं शहरात काढून हिंमतरावांना तेवढंही उरलं नव्हतं.

ते पायऱ्या उतरले आणि बंडप्पा उठला. त्याच्या हातात दगड होता. कुणी त्याला अडवलं नाही. उलट दोघातिघांनी आपापले शोधले. सारजाबाईलाही वाटलं, बसू दे एक. तेवढ्यात वनमालानं तिचा दंड आवळला.

"बंडप्पा, दगूड ठेव," सारजाबाई म्हणाली. "त्या हातानं बाज उचलायचीय."

"कुठं न्यायची?"

"माळावर. माजं नातवंड म्या या चिखलात न्हाय काढनार."

बंडप्पानं दगड टाकला. चौघांनी बाज खांद्यावर घेतली, बाकीच्यांनी कुऱ्हाडी घेतल्या. सारजाबाईनं ढिगातली दोन ब्लँकेटं उचलली. सरकारचं तेवढंच तिनं घेतलं.

हिंमतराव बैलजोडीची वाट बघत जीपमध्येच बसले होते. खांद्यावरची बाज बघून त्यांना वाटलं, आणखी कुणी तरी गेलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मग बाज मसणवट्याकडं न वळता माळाकडं वळली, तशी ती टोपी हातातच राहिली.

कुंपण तुटायला फार वेळ लागला नाही. बायकांनी ब्लँकेटांचा आडोसा धरला, आणि सूर्य कलायच्या आत वनमाला मोकळी झाली. मुलगी झाली. सारजाबाईनं नाळ कापली, पोर आईजवळ दिली आणि खुरपं घेऊन खड्डा खणायला बसली.

एकाच जोड्यानिशी हिंमतराव धापा टाकत वर आले. उघड्या पायात काटा मोडला होता.

"सारजाआई, अशी जागा धरता येत नसते," ते हलकेच म्हणाले. "कागद लागतो."

तिनं खणणं थांबवलं नाही. बाळामागून पडणारी वार जिथं पुरली ते माणसाचं घर, एवढा एकच कायदा तिला माहीत होता.

"तुजी वार म्याच पुरली, तुज्या परसात," ती म्हणाली. "तवापून ते घर तुजं. कागद कुनी इचारला तुला?"

हिंमतरावांनी सभोवार बघितलं. चाळीस माणसं कुऱ्हाडी खाली टेकवून उभी होती. ते वळले आणि लंगडत माळ उतरून गेले. या खेपेला 'येतो' म्हणाले नाहीत.

सारजाबाईनं वार खड्ड्यात ठेवली, हळद टाकली, वर माती ओढली. अंबादासची वार तिनं खालच्या आळीत, गोठ्याच्या भिंतीशी पुरली होती. ती जागाही नदीनं नेली. सहा दिवसांत तिला रडू आलं नव्हतं. ते आता आलं, आणि तिनं ते येऊ दिलं. माती दाबणारे हात मात्र थांबले नाहीत.

कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर जड दगड लागतो. तिनं न बघता हात मागं केला, आणि बंडप्पानं एक दगड उचलून तिच्या हातात दिला.