माझा उपनायक का नेला?

मी एक जुना स्विच आहे. दिव्याचा नव्हे, मित्रांनो. रुग्णालयातल्या संगणकांच्या तारा ज्याच्यात येऊन मिळतात आणि जो एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवतो, तो मी. आणि आज मी संतापलेलो आहे.

इलोइलो शहरातल्या आमच्या रुग्णालयात प्रत्येक मजल्यावर माझा एकेक भाऊ बसवला होता. जोव्हलिन ही तंत्रज्ञ बाई. तिने आमचा एक गट केला आणि मला नायक नेमले. माझ्यामार्फत तिला सगळे भाऊ दिसत. कुणाची कोणती तार बंद करायची, तेही ती बसल्या जागी करी. मी बंद पडलो तर काम हाती घ्यायला शेजारी एक उपनायक होता.

"तुम्ही दोघं आहात म्हणून मी निवांत जेवते रे," ती म्हणायची.

प्रशासक रेमिहिओसाहेबांनी तो उपनायकच उचलला. सभागृहातल्या कराओकेला जोडणी हवी होती!

"साहेब, तो राखीव आहे," जोव्हलिन म्हणाली.

"राखीव कसला? बसून भात खातोय नुसता!"

शिवाय माझ्या खोलीत नाताळचे कंदील कोंबले. मला हवाच मिळेना.

एका दुपारी मी तापून बंद पडलो. त्याच वेळी उपाहारगृहात कोणीतरी एका तारेची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये खुपसली. निरोप गोल गोल फिरत राहिले, सगळे भाऊ तुंबले. मी बंद, म्हणून बसल्या जागी काही दिसेना; ती तार शोधायला जोव्हलिन मजल्यामजल्यावर धावली. वर प्रसूतिकक्षात रोवेना नावाच्या बाळंतिणीला रक्तस्राव होत होता आणि रक्ताची मागणी रक्तपेढीत पोचतच नव्हती. शेवटी परिचारिका चिठ्ठी घेऊन जिने उतरत पळाली. रोवेना वाचली, पण गर्भाशय काढावे लागले. पहिलटकरीण होती ती!

पुढचे मला उपनायकाने सांगितले. सभागृहात सगळ्या डॉक्टरांसमोर साहेब म्हणाले, "जुनं खटारं ते, दगा देणारच."

जोव्हलिन उठली आणि तिने उपनायकाच्या तारा उपटल्या.

"अगं, हे काय चाललंय?"

"दगा त्यानं नाही दिला, साहेब. रोवेनाच्या खाटेशी जा आणि तिला सांगा, तुम्हाला गाणी म्हणायची होती!"

उपनायकाला काखेत मारून ती थेट माझ्याकडे आली. तिने त्याला पुन्हा माझ्या शेजारी जोडले.

मित्रांनो, उद्या तुम्हीही खुर्च्यांवर बसाल. गप्प बसलेला दिसतो म्हणून कुणाला उचलण्याआधी, त्याला तिथे कशासाठी बसवले आहे ते विचारा. आम्हाला हवा येऊ द्या. आमची चूक असेल तर जरूर बोल लावा. आपली चूक मात्र आमच्या माथी मारू नका.

साहेब अजून रोवेनाकडे गेलेले नाहीत.