ओल्या खडूनं लिहिलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पण शाळेतला नव्हे. माझ्यावर कुणी बेरजा-वजाबाक्या केल्या नाहीत, की माझ्यासमोर कुणी अंगठे धरून उभं राहिलं नाही. मी एका लहानशा नाट्यगृहाच्या दारात, तिकीटखिडकीच्या डाव्या हाताला टांगलेला असायचो. चार फूट रुंद, तीन फूट उंच. सध्या त्याच नाट्यगृहाच्या मागच्या सामानखोलीत एका पाय मोडलेल्या सिंहासनाला टेकून उभा आहे.

माझा जन्मही याच खोलीतला. एक नाटक बंद पडलं, तेव्हा त्याच्या नेपथ्यातली प्लायवूडची भिंत सुतारानं कापली आणि तिच्यातून मी निघालो. त्यानं मला काळ्या रंगाचे तीन हात दिले. शेवटच्या हाताआधी पॉलिशपेपरनं घासायचं असतं, ते तो विसरला. त्यामुळे माझं अंग खरखरीत राहिलं, बारीक बारीक छिद्रांचं. एवढं ध्यानात ठेवा. माझ्या आयुष्यात जे काही घडलं, ते या छिद्रांमुळेच मी आज सांगू शकतो.

मला बनवून घेतलं ते खिडकीतल्या मावशींनी. तिकिटं फाडणाऱ्या या बाईंना मॅनेजरपासून नटांपर्यंत सगळे मावशीच म्हणत. त्यांचा एक छंद होता. रविवारी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग सुरू झाला की खिडकी लावायची, शेवटच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीत जाऊन बसायचं आणि पडदा पडेपर्यंत उठायचं नाही. सोमवारी सकाळी माझ्यावर त्या नाटकाची शिफारस लिहायची. नाटक नवंच हवं आणि लेखक जिवंत हवा, ही त्यांची अट.

मॅनेजर एकदा म्हणाले, "मावशी, जुन्या मोठ्या लेखकांचीही नावं लिहा की कधी."

"त्यांना माझी काय गरज?" मावशी म्हणाल्या. "त्यांच्या नावाचे रस्ते झालेत. जिवंत माणसाला आधी प्रेक्षक लागतो."

शिफारस तीन ओळींची असे. पहिल्या ओळीत नाटकाचं आणि लेखकाचं नाव. दुसरीत नाटक का बघावं ते. आणि तिसरी ओळ 'दोष' या शब्दानं सुरू होई. दोष लिहिल्याशिवाय मावशी कधीच थांबल्या नाहीत. "नुसतं कौतुक म्हणजे जाहिरात," असं त्या म्हणत. वरच्या दोन ओळी त्या कोरड्या खडूनं लिहीत. तिसरीसाठी मात्र खडू पाण्याच्या पेल्यात बुडवून घेत. कारण एकदा एका लेखकाच्या मेहुण्यानं बाहीनं दोषाची ओळ पुसून टाकली होती. कोरडा खडू नुसता वर बसतो, फुंकरीनंही उडतो. ओला खडू छिद्रांत उतरतो आणि तिथंच वाळतो. मग त्याला मेहुण्याची बाही पुरत नाही.

त्या काळात माझ्यावर काय काय लिहिलं गेलं! लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसानं 'दोन मजल्यांच्या मधोमध' नावाचं नाटक लिहिलं होतं. मावशींनी लिहिलं, 'लिफ्टमध्ये अडकलेले सासरे आणि जावई. आधी हसाल, मग घरी जाऊन सासऱ्यांना फोन कराल.' आणि खाली, ओल्या खडूनं: 'दोष: लिफ्ट शेवटी सुरू होते ती लेखक दमला म्हणून.' लिफ्टवाला दोन दिवस मावशींशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं शेवट बदलून आणला, आणि ते नाटक वर्षभर चाललं. एका नर्सनं दवाखान्यावर नाटक लिहिलं, तेव्हा ओळ होती, 'दोष: यातला डॉक्टर फार चांगला आहे. असा मला अजून भेटायचा आहे.'

आमच्याकडे दर रविवारी बायकोसह येणारे एक दातांचे डॉक्टर होते. ते खिडकीशी वाकून म्हणाले, "मावशी, हा टोमणा आम्हाला का?"

"नाटक बघा आणि तुम्हीच ठरवा."

"बघतो. द्या दोन."

लोक मला खालून वर वाचत. आधी दोष बघत, मग 'एवढंच ना?' म्हणून तिकीट काढत. जी बाई खोट लपवत नाही, तिनं केलेलं कौतुक त्यांना खरं वाटे. सतरा वर्षं मी हे पाहिलं. नवख्या लेखकाचं नाव वाचून परक्या माणसाचा हात खिशाकडे जातो, हे ज्यानं पाहिलंय त्याला दुसऱ्या कुठल्या सुखाची हाव उरत नाही. मला तरी नव्हती.

मग मावशींच्या भाचीचं नाटक आलं.

सगळ्या जगाची मावशी असलेल्या बाईंना एक खरीखुरी भाचीही आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. धाकट्या बहिणीची मुलगी. सव्वीस वर्षांची, चष्मा सारखा नाकावरून घसरणारी. तीन वर्षं खपून तिनं नाटक लिहिलं होतं, 'आईचा पत्ता बदलला आहे'. साठी उलटलेली एक आई एक दिवस एक बॅग भरते आणि वेगळं राहायला निघते. भांडण नाही, रडारड नाही. मुलं विचारत राहतात, ती बॅग भरत राहते.

आमच्या नाट्यगृहाचा नियम कडक होता. नव्या नाटकाला दोन रविवार. पहिल्या रविवारी मित्रमंडळी आणि नातेवाईक येतात, म्हणून तो धरायचा नाही. दुसऱ्या रविवारी तीनशेपैकी दीडशे खुर्च्या भरल्या तर नाटक पुढे चालणार, नाही तर बंद. म्हणजे मधल्या आठवड्यात माझ्यावर काय लिहिलं जातं, यावर सगळं होतं.

पहिल्या प्रयोगाला मावशी कडेच्या खुर्चीत बसल्या. सोमवारी सकाळी त्या खडू घेऊन माझ्यासमोर आल्या, तेव्हा भाची मागे येऊन उभी राहिली होती. मावशींनी नाटकाचं आणि तिचं नाव लिहिलं. मग लिहिलं, 'घरातल्या बाईकडे आपण किती वर्षं बघितलेलंच नाही, हे समजेल. बॅग भरण्याचा प्रवेश चुकवू नका.'

भाचीनं चष्मा काढून पुसला. "मावशी, हे खरंच तुला वाटलं की..."

"मी खोटं लिहिते का गं?"

"आईला फोटो पाठवू?"

"थांब, पुरं होऊ दे. जा, दोन चहा घेऊन ये."

ती गेली. मावशींनी खडू पेल्यात बुडवला आणि माझ्या तळाशी लिहिलं: 'दोष: आई दार ओढून घेते तिथं नाटक संपतं. पुढची दहा मिनिटं, प्रेक्षकांना समजणार नाही या भीतीनं लिहिली आहेत.'

मित्रांनो, सतरा वर्षांत त्यांनी माझ्यावर याहून अचूक ओळ लिहिली नव्हती. ते नाटक खरंच दारापाशी संपत होतं. पुढे मुलगा, सून आणि मुलगी प्रेक्षकांकडे तोंड करून आई का गेली ते आळीपाळीनं समजावत बसायचे. दहा मिनिटं. ती कापली असती, तर नाटक नेमकं झालं असतं.

मावशी दोन पावलं मागे सरकल्या. त्यांनी ओळ वाचली. मग जिन्याकडे पाहिलं, जिथून भाची वर येणार होती. मग त्यांनी खिडकीतलं फडकं पेल्यात बुडवून पिळलं आणि ओळ वाळायच्या आत पुसून टाकली.

भाची चहा घेऊन आली. माझ्याकडे पाहून तिचे डोळे मोठे झाले. "मावशी! तिसरी ओळ?"

"नाहीये."

"दोष नाही? तुला एकही सापडला नाही?"

"नाही सापडला," मावशी म्हणाल्या, आणि चहा जास्तच गरम असल्यासारख्या कपात बघत राहिल्या.

भाचीनं माझे चार फोटो काढले. एकात ती स्वतःही होती. इतका आनंदी चेहरा माझ्यासमोर कधी उभा राहिला नव्हता, आणि मला तो बघवत नव्हता. फळ्याला बोलता येत नाही. त्याच्यावर जे लिहिलं जातं तेवढंच तो बोलतो. माझ्या छिद्रांत ती ओळ ओलीच होती.

दातांचे डॉक्टर गुरुवारी आले. सवयीनं वाकले, खालून वाचायला लागले आणि सरळ झाले.

"हे काय? आज खोटच नाही?"

"मावशींना सापडली नाही?" त्यांची बायको म्हणाली. "मागच्या महिन्यात तर पडद्याच्या सुरकुतीतही सापडली होती."

मॅनेजरना राहवलं नाही. ते कौतुकानं म्हणाले, "अहो, मावशींच्या सख्ख्या भाचीचं नाटक आहे ते! आमच्या घरचीच लेखिका!"

"अस्सं," डॉक्टर म्हणाले. "मग बरोबर आहे. घरचं कार्य आहे म्हणा."

"येताय ना रविवारी?"

"आम्ही कशाला? नातेवाईक येतीलच की."

हे ते खिडकीपासून तीन फुटांवर बोलले. मावशी आत सुटे पैसे लावत होत्या. त्यांचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. डॉक्टर हे चारचौघांत बोलले, चारचौघे घरी जाऊन बोलले. कुणीही नाटक वाईट आहे असं म्हटलं नाही. ते बघितलं तर वाईट म्हणता येईल ना! त्यांनी एवढंच म्हटलं, की अखेर मावशींनीही आपल्या माणसाला झुकतं माप दिलं.

दुसऱ्या रविवारी सत्तावीस प्रेक्षक होते. रिकाम्या खुर्च्यांसमोर आईनं बॅग भरली, दार ओढून घेतलं, आणि तिची मुलं त्या सत्तावीस जणांना दहा मिनिटं समजावत बसली.

प्रयोग संपल्यावर भाची खिडकीपाशी आली. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"मावशी, तुला दोष दिसला असता ना, तर मी तो दुरुस्त केला असता गं. लिफ्टवाल्यानं केला तसा. पण काहीच चुकलेलं नाही आणि तरी कुणी आलं नाही. आता मी दुरुस्त काय करू?"

मित्रांनो, अजून वेळ गेली नव्हती. मावशी तोंड उघडून फक्त 'शेवटची दहा मिनिटं' एवढे तीन शब्द म्हणाल्या असत्या, तर कदाचित पुढचं सारं वेगळं झालं असतं. पण ते म्हणायचं तर सोमवारचं खोटं कबूल करावं लागलं असतं. त्या म्हणाल्या, "लोकांना कळत नाही गं चांगलं काय ते. तू मनाला लावून घेऊ नकोस."

भाचीनं मनाला लावून घेतलं. तिनं पुन्हा नाटक लिहिलं नाही.

पुढच्या सोमवारी मावशी खडू घेऊन माझ्यापाशी आल्या. नाटक दुसऱ्याच एका मुलाचं होतं, ओळखीपाळखीचं नव्हे. तेवढ्यात आगाऊ तिकिटं घ्यायला आलेले डॉक्टर मागून हसत म्हणाले, "मावशी, आज कुणाचा पुतण्या?" चेष्टाच होती. मावशींनी खडू खिडकीत ठेवला. त्यानंतर त्यांनी माझ्यावर एक अक्षरही लिहिलं नाही. त्या मुलाचं नाटकही दोन रविवारांत बंद पडलं. त्याचा काय अपराध होता, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

चार महिने मी कोरा लटकत होतो. मग माझ्या जागी चकाकणारा स्क्रीन आला. त्यावर प्रत्येक नाटक 'अप्रतिम', 'अविस्मरणीय' आणि 'चुकवू नये असं' असतं. लोक त्याच्याखाली उभं राहून मोबाइल बघतात. मला उतरवून इथं आणलं. पहिली दोन वर्षं वाटायचं, कुणीतरी न्यायला येईल. मग माझ्या एका कोपऱ्याला वाळवी लागली, आणि वाटायचं बंद झालं.

अकरा वर्षं झाली. मागच्या महिन्यात मावशी गेल्या. काल त्यांची भाची त्यांचं स्टूल आणि पाण्याचा पेला न्यायला आली. आता ती औषधांच्या खोक्यात घालायचं माहितीपत्रक लिहिते: काय त्रास होऊ शकतो, कुणी घेऊ नये. सगळे दोष, अगदी बारीक अक्षरांत. ते कुणीही वाचत नाही, असं ती सुताराला हसत सांगत होती.

खोलीतला दिवा गेलेला. तिनं पेला शोधायला मोबाइलचा दिवा लावला आणि तो खाली धरला, जमिनीलगत. समोरून उजेड पडला तर मी नुसता काळा दिसतो. पण तिरपा उजेड छिद्रांतल्या पांढऱ्या कणांवर पडतो. माझ्या तळाशी ओळ उमटली. पुसट, पण शब्द न् शब्द.

ती वाकली. वाचलं. मग मोबाइल हलवून पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"दहा मिनिटं," ती म्हणाली. "मावशी, फक्त दहा मिनिटं होती गं."

ती तिथंच जमिनीवर बसली. सुतार दारात खोळंबला. "ताई, हा फळा नेताय का? नाही तर मी कापतोय. एका नव्या नाटकाला दार हवंय."

"कुणाचं नाटक?"

"कुणी मुलगी आहे. पहिलंच तिचं."

"कसं आहे?"

"काय माहीत? स्क्रीनवर तर सगळंच भारी असतं."

तिनं ओळीवरून बोट फिरवलं. पांढरं काही लागलं नाही; ते आत होतं. "कापा," ती म्हणाली, आणि स्टूल न घेताच, नुसता पेला घेऊन गेली.

सुतारानं माझ्यावर पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली आहे. ती नेमकी त्या ओळीवरून जाते. उद्या करवत फिरेल आणि मी एका दाराचा खालचा अर्धा भाग होईन. म्हणून आजच तुमच्याशी बोलून घेतोय. मित्रांनो, ज्या माणसाचं भलं व्हावं असं तुम्हाला वाटतं, त्याच्यापासून त्याची चूक लपवू नका. परके लोक ती सांगायची तसदी घेत नाहीत. ते नुसते यायचे थांबतात.

आणि त्या नव्या मुलीचं नाटक जरूर बघा. शेवटपर्यंत उठू नका. कुणीतरी मला ओढून घेईल, मी लागल्याचा आवाज होईल. नाटक तिथंच संपतं का, नीट बघा. आणि बाहेर पडल्यावर तिला गाठून सांगा.